खऱ्यासाठी खोटे? : अब्बास कियारोस्तामी यांच्या चित्रपटांच्या निमित्ताने

कलावंताला खोटे बोलण्याची मुभा असते, हे आपण सारेच गृहीत धरून चालतो. कादंबरीतली माणसे कधी जन्मलेलीच नसतात. नाटकातला बादशहा प्रयोग संपला की तोंडाचा रंग पुसून एस.टी.च्या रांगेत उभा राहतो. मुशायऱ्यात शायर विरहाने मरतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या मुशायऱ्यात पुन्हा मरायला हजर असतो. याबद्दल कोणी कोणावर फसवणुकीचा आरोप करीत नाही, कारण सांगणारा आणि ऐकणारा दोघेही या व्यवहारात राजीखुशीने उतरलेले असतात.

अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. कलावंत जेव्हा प्रेक्षकाशी नव्हे, तर ज्याच्याकडून कलाकृती घडवून घ्यायची त्या समोरच्या जिवंत माणसाशी खोटे बोलतो, तेव्हा काय म्हणायचे? आणि ते माणूस आठ-नऊ वर्षांचे मूल असेल तर? त्या खोट्यातून साऱ्या जगाला एक मोठे सत्य दिसणार असेल, तर ते खोटे माफ होते का?

हा प्रश्न आमच्यापुढे इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी यांच्या चित्रपटांनी ठेवला. आम्ही चित्रपटाचे अभ्यासक नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, वह्या तपासतो, हजेरी घेतो. पण या दिग्दर्शकाचे आणि आमच्यासारख्या शिक्षकांचे एक नाते आहे. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मुलांसाठी आणि मुलांना घेऊन चित्रपट करण्यात गेला, आणि शाळा, वही, गृहपाठ, मार हे आमच्या रोजच्या ओळखीचे विषय त्यांनी जागतिक सिनेमाच्या पडद्यावर नेले.

कियारोस्तामी यांचा जन्म २२ जून १९४० रोजी तेहरानमध्ये झाला. तेहरान विद्यापीठात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले, पोटासाठी वाहतूक पोलीस खात्यात नोकरी केली, नंतर जाहिरातपट केले. १९६५ साली इराणमध्ये मुलांच्या आणि किशोरांच्या बौद्धिक विकासासाठी एक सरकारी संस्था स्थापन झाली होती. तिला थोडक्यात 'कानून' म्हणतात. हा कायद्यातला 'क़ानून' नव्हे. तो मोठ्या क़ाफ़ने लिहितात, हा छोट्या काफ़ने. याचा अर्थ चूल, केंद्र. या संस्थेत चित्रपट विभाग उभा राहिला आणि तिथेच १९७० साली कियारोस्तामींनी आपला पहिला छोटा चित्रपट केला, 'नान व कूचा'. रोटी घेऊन घरी निघालेला मुलगा आणि गल्लीत वाट अडवून बसलेला कुत्रा, एवढीच गोष्ट. त्या नावाचे भाषांतर उर्दू वाचणाऱ्या कोणालाही करून सांगावे लागत नाही.

पुढे १९९७ साली 'तअम-ए-गीलास' म्हणजे 'चेरीची चव' या चित्रपटासाठी कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार जपानी दिग्दर्शक इमामुरा यांच्यासह त्यांना विभागून मिळाला. २००४ साली त्यांनी आपल्या कामाची पद्धत सांगणारा एक चित्रपटच केला. 'चेरीची चव' जिथे चित्रित झाला त्याच टेकड्यांतल्या रस्त्यांवरून ते मोटार चालवतात आणि चालवता चालवता दहा पाठ देतात. कॅमेरा, विषय, पटकथा, स्थळ, संगीत, नट अशा एकेका मुद्द्यावर शांतपणे बोलतात. मोठा कॅमेरा समोर आला की साधी माणसे आखडतात, छोटा डिजिटल कॅमेरा असला की विसरून जातात. पटकथा शब्दन् शब्द लिहून हातात दिली की माणूस ती वाचून दाखवतो, बोलत नाही. म्हणून व्यावसायिक नटांपेक्षा साधी माणसे घ्यावीत, त्यांना पाठांतर देऊ नये, परिस्थिती द्यावी. 'चेरीची चव'च्या वेळी मोटारीत बोलणारी दोन माणसे बहुतेकदा एकमेकांसमोर नव्हतीच. दुसऱ्याच्या जागी स्वतः कियारोस्तामी बसत, गप्पा मारत, प्रश्न विचारत आणि त्यांतून हवा तो चेहरा, हवे ते उत्तर मिळवत. पडद्यावर आपल्याला वाटते, ही दोघे एकमेकांशी बोलताहेत. ते खरे नसते. मुलाखतींतूनही ते न लपवता सांगत, की सिनेमात सत्याकडे जायचे तर खोट्याच्या वाटेनेच जावे लागते.

हे विधान ऐकायला मोठे मोहक आहे. ते कुठवर टिकते, हे पाहण्यासाठी त्यांच्या एकाच चित्रपटातली दोन खोटी कामे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

चित्रपट आहे १९८७ सालचा, 'खाना-ए-दोस्त कुजास्त?' म्हणजे 'मित्राचे घर कुठे आहे?' हे नाव सोहराब सिपेहरी यांच्या कवितेवरून घेतलेले आहे. उत्तर इराणमधले कोकेर नावाचे खेडे. वर्गात मास्तर गृहपाठ तपासतात. नेमतज़ादा नावाच्या मुलाने तो वहीत न लिहिता सुट्या कागदावर लिहून आणलेला असतो. मास्तर तो कागद टराटरा फाडतात आणि पुन्हा असे झाले तर शाळेतून काढून टाकीन, अशी तंबी देतात. मुलगा रडू लागतो. शाळा सुटल्यावर शेजारी बसणाऱ्या अहमदच्या लक्षात येते, की नेमतज़ादाची वही चुकून आपल्याच दप्तरात आली. ती परत केली नाही तर उद्या मित्राचे काही खरे नाही. मित्र राहतो पलीकडच्या पुश्ता गावात, घर माहीत नाही, आणि आई जाऊ देत नाही. तरीही अहमद टेकडी ओलांडून धावत सुटतो. सारा चित्रपट म्हणजे हे धावणे, आणि वाटेत भेटणाऱ्या, मुलाचे म्हणणे ऐकूनही न ऐकणाऱ्या मोठ्या माणसांची रांग.

त्या टेकडीवरची नागमोडी वाट आणि माथ्यावरचे एकटे झाड ज्याने पाहिले तो विसरत नाही. ती वाट कोकेरमध्ये तशी नव्हती. चित्रपटासाठी ती पाडून घेतली गेली. म्हणजे खोटी. पण या खोट्याने कोणाचे काय बिघडले? टेकडीचे नाही, गावकऱ्यांचे नाही, आमचे तर मुळीच नाही. उलट छोट्या पायांना मित्राचे घर किती दूर वाटते, हे त्या वाटेने सरळ सपाट रस्त्यापेक्षा अधिक खरे सांगितले. अशा खोट्याला आमची काहीच हरकत नाही.

दुसरे खोटे वर्गातले आहे. नेमतज़ादा झालेल्या मुलाला रडू आणायचे होते. तो नट नव्हता, त्याच गावचा मुलगा होता. सांगून रडू येईना. चित्रीकरणाच्या काळात पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेला, हातात लगेच येणारा एक फोटो त्या मुलाला फार प्रिय झाला होता. कियारोस्तामींनी तो फोटो त्याच्या डोळ्यांदेखत फाडला. मुलगा रडला. कॅमेरा चालू होता. पडद्यावर जे अश्रू दिसतात ते फाडलेल्या गृहपाठासाठी नाहीत, फाडलेल्या फोटोसाठी आहेत.

ही हकिगत कळल्यानंतर तो प्रसंग आम्हाला पहिल्यासारखा पाहता आला नाही. चित्रपट ज्या मास्तरच्या विरोधात उभा आहे, त्याच मास्तरच्या जागी त्या क्षणी दिग्दर्शक उभा होता. मास्तरने कागद फाडला, दिग्दर्शकाने फोटो फाडला. मास्तर म्हणेल, मी शिस्तीसाठी फाडला. दिग्दर्शक म्हणेल, मी सत्यासाठी फाडला. मुलाच्या बाजूने पाहिले तर दोघांत फरक काय?

दिग्दर्शकाची बाजू मांडणे अगदी सोपे आहे आणि ती मांडली पाहिजे. फोटो पुन्हा काढता येतो. मूल घटकाभर रडले, मग खेळायला गेले असेल. आणि त्या मिनिटभराच्या रडण्यातून किती देशांतल्या किती शिक्षकांना, आईबापांना आपल्या वागण्याची लाज वाटली असेल! शिवाय खोटे रडणे दाखवले असते, तर प्रेक्षकाने मुलाच्या दुःखावर विश्वासच ठेवला नसता. म्हणजे तेही मुलांवर अन्याय करणारेच झाले असते. एका मुलाचा एक फोटो एका पारड्यात आणि हजारो मुलांविषयीची जाग दुसऱ्या पारड्यात ठेवली, तर काटा कुठे झुकेल?

या हिशेबाला आमच्याकडे आणखी एक आधार शोधता येतो. कर्माचे मोल नियत पाहून ठरते, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. दोन भांडणाऱ्यांत सुलह घडवणाऱ्याचे बोल खोट्यात मोजू नयेत, ही शिकवणही आपल्याला ठाऊक आहे. आणि ज्यांच्या वाडवडिलांनी मकतबात 'गुलिस्तां' वाचली, त्यांना शेख सादींची १२५८ सालच्या त्या ग्रंथातली पहिलीच गोष्ट आठवेल. एक बादशहा कैद्याला मारण्याचा हुकूम देतो. जिवावर उदार झालेला कैदी आपल्या भाषेत बादशहाला शिव्या देतो. बादशहा विचारतो, हा काय म्हणतो? एक नेक वजीर सांगतो, तो क्षमा करणाऱ्यांचे गुणगान करतो आहे. बादशहाला दया येते. दुसरा वजीर मध्येच बोलतो, की आपल्यासारख्यांनी बादशहासमोर खरेच बोलावे, हा तर शिव्या देत होता. बादशहा तोंड फिरवतो आणि म्हणतो, तुझ्या खऱ्यापेक्षा त्याचे खोटे मला आवडले, कारण त्याच्या खोट्याच्या मुळाशी भलाई होती, तुझ्या खऱ्याच्या मुळाशी दुष्टावा.

कियारोस्तामी स्वतः फारसी काव्याचे जाणकार होते. हाफिज आणि सादी यांच्या ओळींचे त्यांनी केलेले संग्रहही प्रसिद्ध आहेत. तेव्हा सादींची साक्ष त्यांच्या बाजूने काढायला हरकत नाही, असे वाटेल. पण ही गोष्ट आम्हाला जरा थांबून वाचावीशी वाटते. वजीर खोटे बोलला तेव्हा मान कोणाची धोक्यात होती? वजिराची. बादशहाला कैद्याची भाषा कळत असती, तर पहिले मुंडके वजिराचे गेले असते. आणि लाभ कोणाचा झाला? कैद्याचा, ज्याच्याशी वजिराचे काही घेणेदेणे नव्हते. शिवाय वजीर खोटे बोलला ते आपल्याहून बलवान माणसाशी, दुर्बळाला वाचवण्यासाठी. सादींनी खोट्याला सरसकट परवाना दिलेला नाही. जोखीम आपली, फायदा दुसऱ्याचा, अशा खोट्याची बाजू त्यांनी घेतली.

फाडलेला फोटो या कसोटीला लावला तर चित्र उलटे दिसते. बलवान खोटे वागला ते दुर्बळाशी. किंमत मोजली मुलाने. नाव झाले दिग्दर्शकाचे. नियत चांगली असेलही. पण नियत करणाऱ्याच्या मनात राहते, ती समोरच्याला दिसत नाही. त्या मुलाला एवढेच दिसले, की ज्याच्यावर आपण भरवसा ठेवला त्या मोठ्या माणसाने आपली आवडती वस्तू फाडली.

इथे कोणी म्हणेल, शिक्षक तरी काय वेगळे करतात? प्रश्न रास्त आहे. बी.एड.च्या सराव पाठांत आम्हा सगळ्यांना प्रस्तावनेचे प्रश्न विचारायला शिकवतात. उत्तर माहीत असूनही शिक्षक माहीत नसल्यासारखा विचारतो, "सांगा बरं, पाऊस कुठून येतो?" हेही एक नाटकच. पण वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही ठाऊक असते, की सरांना उत्तर येते. खेळाचे नियम दोघांना माहीत आहेत. इथे फसवणूक नाही. मात्र शाळांत दुसरेही एक नाटक चालते. तपासणीला साहेब येणार म्हणून हुशार मुलांना पुढच्या बाकांवर बसवायचे, ठरलेल्या मुलांकडून ठरलेली उत्तरे घोटून घ्यायची, आणि विचारले तर "रोज असेच असते" म्हणायला सांगायचे. असे कुठेच होत नाही, असे म्हणणारा शिक्षक विरळा. इथे मूल प्रेक्षक नाही, खेळगडीही नाही. ते साधन आहे. मोठ्यांच्या गरजेसाठी त्याला खोट्याच्या कामाला जुंपले आहे. दोन्ही नाटकांतला फरक कोणत्याही मुलाला विचारला तर ते सांगेल.

आणि मुले खोटे बोलायला कुठे शिकतात, हे दाखवणारा सर्वांत भेदक चित्रपट कियारोस्तामींनीच केला आहे, ही यातली गंमत. १९८९ सालचा 'मश्क-ए-शब'. मश्क म्हणजे सराव, गिरवणे. मश्क-ए-शब म्हणजे रात्रीचा गृहपाठ. स्वतःच्या मुलाच्या गृहपाठावरून घरात होणाऱ्या त्रासातून हा विषय सुचल्याचे ते सुरुवातीलाच सांगतात. तेहरानच्या एका शाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांना ते एकेक करून कॅमेऱ्यासमोर उभे करतात आणि विचारतात, गृहपाठ आवडतो की कार्टून? मुलांमागून मुले एकच उत्तर देतात, गृहपाठ. एवढे उघड खोटे एवढ्या निरागस तोंडांतून ऐकताना आधी हसू येते, मग येईनासे होते. 'तंबीह' म्हणजे काय, हे जवळजवळ प्रत्येकाला माहीत आहे. मार, कानफटात, बापाचा पट्टा. 'तशवीक' म्हणजे उत्तेजन, शाबासकी. हा शब्द अनेकांना माहीतच नाही. मराठीतही पाहा, 'तंबी' तेवढी आपल्या बोलण्यात रुळली, 'तशवीक' आलीच नाही. सुदैवाने 'शाबास' फारसीतून आलेला आहे. तो वापरायला कोणी मनाई केलेली नाही.

त्या चित्रपटात माजिद नावाचा एक मुलगा आहे. कॅमेऱ्याच्या खोलीत एकटे उभे राहायचे म्हटले की तो थरथर कापतो, हात जोडतो, आपला दोस्त मौलाई शेजारी हवा म्हणून रडतो. समोर काळा चष्मा लावलेले कियारोस्तामी बसलेले आहेत. मधूनमधून कॅमेरामनही दाखवला आहे, त्याचे भिंग थेट मुलावर रोखलेले. भयाविषयी चित्रपट करता करता आपणच भय होऊन बसलो आहोत, हे दिग्दर्शकाने आपल्या नजरेआड ठेवले नाही. स्वतःचा चष्मा आणि स्वतःचे भिंग पडद्यावर ठेवणे म्हणजे स्वतःला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभे करणेच झाले. शेवटी दोस्ताला आत घेतले जाते. तो नुसता मागे उभा राहतो आणि माजिद न अडखळता एक भक्तिपर रचना म्हणून दाखवतो. शंभर युक्त्यांनी जे साधले नसते, ते मुलाची साधी मागणी मान्य केल्याने साधले. फोटो न फाडताही खरे बाहेर येऊ शकते, याचा पुरावा त्यांच्याच चित्रपटात आहे.

यापुढचा प्रवास आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. २१ जून १९९० च्या मध्यरात्रीनंतर उत्तर इराणमध्ये मोठा भूकंप झाला. तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. कोकेर उद्ध्वस्त झाले. कियारोस्तामी आपल्या मुलाला घेऊन मोटारीने तिकडे निघाले. अहमद आणि नेमतज़ादा झालेली मुले, जी खऱ्या आयुष्यात सख्खे भाऊ होती, जिवंत आहेत का, हे पाहायला. त्या प्रवासावर त्यांनी १९९२ साली 'ज़िंदगी व दीगर हीच' हा चित्रपट केला. त्यात दिग्दर्शकाला वाटेत रूही नावाचे म्हातारबाबा भेटतात. पहिल्या चित्रपटात त्यांनी काम केलेले असते. ते तोंडावर तक्रार करतात, की तुम्ही माझ्या पाठीला खोटे कुबड लावले, मी आहे त्याहून म्हातारा दाखवलात. माणसाला म्हातारे आणि कुरूप दाखवणे ही कसली कला? आणि आता ज्या घराला माझे घर म्हणून दाखवता आहात, तेही माझे नाही.

आम्हाला हे दृश्य फार मोलाचे वाटते. ज्याच्याविषयी खोटे दाखवले, त्या माणसाला दिग्दर्शकाने आपल्याच पुढच्या चित्रपटात बोलायला जागा दिली. त्याचे बोलणे कापून टाकले नाही. १९९४ च्या 'ज़ेर-ए-दरख़्तान-ए-ज़ैतून' मध्ये हेच आणखी पुढे जाते. तिथे चित्रपटातल्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू आहे. हुसेन नावाच्या तरुणाने म्हणायचे असते, की भूकंपात माझे पासष्ट नातलग गेले. तो प्रत्येक वेळी पंचवीस म्हणतो. का, तर खरेच पंचवीस गेले. ताहिरा नावाची मुलगी नवऱ्याला अदबीने 'हुसेन आगा' म्हणायला तयार नाही, कारण आता मुली तसे म्हणत नाहीत. दिग्दर्शकाच्या सोयीच्या खोट्यापुढे गावची साधी माणसे आपले छोटे सत्य सोडत नाहीत आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा थांबतो. नट अडला, काम अडले, पण माणूस मोडला नाही. याच चित्रपटात ते दोघे भाऊही सुखरूप दिसतात.

'नमा-ए-नज़दीक' हा १९९० चा चित्रपट तर खोटे बोलणाऱ्याविषयीच आहे. हुसेन सब्ज़ियान नावाचा गरीब, सिनेमावेडा माणूस आपण प्रसिद्ध दिग्दर्शक मोहसिन मखमलबाफ आहोत, असे सांगून तेहरानच्या एका कुटुंबात वावरला आणि पकडला गेला. कियारोस्तामी खटल्यात कॅमेरा घेऊन गेले. त्यांनी सब्ज़ियानला सांगितले, की हा जवळून टिपणारा कॅमेरा तुझ्यासाठी आहे, कोर्टाला पटणे कठीण वाटते ते तू याच्याकडे पाहून सांग. ज्याचे कोणी ऐकत नाही त्याच्या हाती कैफियत मांडण्याचे साधन आले. शेवटी खरे मखमलबाफ त्याला मोटारसायकलवर बसवून त्या कुटुंबाकडे माफी मागायला नेतात. तेव्हा दोघांचे बोलणे तुटक तुटक ऐकू येते. यंत्रात बिघाड आहे, असे चित्रपटात सांगितले जाते. प्रत्यक्षात तो आवाज कियारोस्तामींनी जाणूनबुजून तोडला होता. हेही खोटेच. पण या वेळी फसवले गेलो ते आपण, खुर्चीत बसलेले प्रेक्षक, आणि झाकली गेली ती एका हरलेल्या माणसाची खाजगी घडी. सादींच्या वजिराला हे खोटे ओळखीचे वाटले असते.

याचा अर्थ कियारोस्तामींचा हिशेब चुकता झाला, असे आम्ही म्हणत नाही. ४ जुलै २०१६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर २००२ च्या 'दह' या चित्रपटातल्या प्रमुख अभिनेत्री मानिया अकबरी यांनी त्या चित्रपटातल्या संमतीविषयी जाहीर आक्षेप घेतले. त्या चित्रपटात त्यांचे स्वतःचे मूल आहे, आईशी मोटारीत भांडणारे. उत्तर द्यायला दिग्दर्शक हयात नाहीत. पण थोर कलाकृती झाली म्हणजे तिच्यात वापरल्या गेलेल्या माणसांचे तोंड कायमचे बंद झाले, असे होत नाही, एवढे यातून दिसते. वीस वर्षांनीही माणूस उठून विचारू शकतो, की त्या दिवशी तुम्ही मला काय सांगितले होते? तो विचारू लागला, तर त्याला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार आम्हा चाहत्यांना नाही.

मग आमचे म्हणणे काय? खोट्यातून किती मोठे सत्य निघाले, यावर त्या खोट्याचा निवाडा करता येत नाही. तसा केला, तर प्रत्येक छडी मारणारा मास्तरही निकालाचा कागद पुढे करील. मुले पास झाली, मग छडी बरोबर! आधी पाहायचे ते हे, की या खोट्याची किंमत कोण मोजतो आहे, आणि मोजणाऱ्याला पुढे कधी तरी कळण्याची आणि उलट बोलण्याची जागा ठेवली आहे का. वाट खोटी पाडली, तिची किंमत कोणी मोजली नाही. रूहीबाबांच्या कुबडाची किंमत त्यांनी मोजली, पण त्यांना बोलू दिले गेले. फोटोची किंमत एका मुलाने मोजली, आणि त्याच्या तक्रारीचे दृश्य आम्हाला कुठल्याही चित्रपटात दिसले नाही. त्या चित्रपटावर आमचे प्रेम आहे, ते कमी झालेले नाही. पण त्या रडण्यापाशी आता आम्ही दिग्दर्शकाची स्तुती करीत नाही, त्या मुलाकडे पाहतो.

आणि याच चित्रपटाचा शेवटही एका खोट्यानेच होतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अहमदला मित्राचे घर सापडत नाही. रात्री घरी येऊन तो स्वतःच्या वहीबरोबर नेमतज़ादाच्या वहीतही गृहपाठ लिहितो. सकाळी उशिरा वर्गात येतो, हळूच वही मित्राकडे सरकवतो. मास्तर ती वही तपासतात, पानांत दाबलेले छोटे फूल दिसते, आणि ते पुढे जातात. त्यांना काही कळत नाही.

फसवला गेला तो आमच्या पेशाचा माणूस. नियमाने आम्ही चिडायला हवे. दुसऱ्याच्या वहीत लिहिणे ही लबाडीच आहे, आणि आमच्या वर्गात कोणी केली तर आम्ही विचारणारच. तरीही आमचे मन अहमदच्या बाजूने जाते, आणि त्याचे कारण सरळ आहे. पकडला गेला असता तर मार त्याला बसला असता. सुटला तो मित्र. त्या मुलाने खोट्याची सारी जोखीम आपल्या अंगावर घेतली. ज्या दिग्दर्शकाला हा शेवट सुचला, त्याला फोटो फाडतानाही हा फरक कळत असणार, असे आम्हाला वाटते. कळणे आणि तसे वागणे यांत अंतर पडते. ते कलावंताच्या बाबतीत पडते, तसे शिक्षकाच्याही. उद्या तपासणीसाठी एखाद्या मुलाला घोटलेले उत्तर द्यायला उभे करण्याची वेळ आली, तर साहेबांना काय दिसेल हे नंतर पाहू. आधी त्या मुलाला विचारू, की हे नाटक आहे हे तुला ठाऊक आहे ना, आणि तुला यात उभे राहायचे आहे का?